फाटलेल्या स्वराची जवारी : अभिजात प्रोग्रेसिव्ह रॉकमधील फझ गिटार आणि बास यांचा आस्वाद

प्रास्ताविक

‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाने ओळखला जाणारा संगीतप्रवाह १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रामुख्याने इंग्लंडमध्ये उदयास आला आणि पुढील सात-आठ वर्षांत त्याची बहुतेक महत्त्वाची निर्मिती झाली. या प्रवाहाविषयी जे गंभीर लेखन आढळते, त्यात रचनेचा विचार नेहमीच अग्रस्थानी असतो. ध्वनिमुद्रिकेची एक संपूर्ण बाजू व्यापणाऱ्या दीर्घ रचना, विषम मात्रांचे ठेके, युरोपीय अभिजात संगीताशी जोडलेले नाते, कीबोर्डवादकांचे कौशल्य हे मुद्दे त्यात पुनःपुन्हा येतात. ते चुकीचे आहेत असे नाही. परंतु ते बव्हंशी कागदावर मांडता येण्याजोगे मुद्दे आहेत. श्रोत्याच्या कानावर प्रथम पडतो तो नाद, आणि त्या नादाविषयी हे लेखन बहुधा दोन-तीन विशेषणांत आटोपते घेते.

आपल्याकडे संगीताच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकातही नादाची तीन लक्षणे सांगितलेली असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. यांपैकी तिसऱ्या लक्षणाची, म्हणजे एकाच उंचीचा स्वर सनईतून आणि सतारीतून वेगळा का ऐकू येतो या प्रश्नाची, दखल शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या तेराव्या शतकातील ग्रंथानेही घेतली आहे. काकूच्या सहा प्रकारांत त्याने यंत्रकाकूचा, म्हणजे वाद्यावाद्यांतील नादभेदाचा, स्वतंत्र निर्देश केला आहे. प्रस्तुत लेखात प्रोग्रेसिव्ह रॉकमधील एका यंत्रकाकूचा विचार करावयाचा आहे. गिटार, बास गिटार आणि काही ठिकाणी ऑर्गन यांच्या स्वराला ‘फझ’ नावाच्या उपकरणाने जो खरखरीत, दाट, घासलेला पोत येतो, तो या संगीतात वरून दिलेला मुलामा नाही; या संगीताची रचनाच त्या पोतावर उभी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

विषयाकडे वळण्याचे निमित्त अगदी साधे होते. महाविद्यालयातील एका श्रवणसत्रात सॉफ्ट मशीन या गटाची ‘फेसलिफ्ट’ ही रचना लावली असता भौतिकशास्त्राचे एक सहकारी दोन मिनिटांतच जवळ येऊन हळूच म्हणाले, “सर, स्पीकर फाटलाय वाटतं तुमचा.” सभागृहात हशा पिकला. त्या वेळी उत्तर सुचले नाही. मात्र नंतर या नादाचा इतिहास वाचत गेल्यावर सहकाऱ्यांचे निदान अक्षरशः बरोबर होते असे ध्यानात आले.

बिघाडाचा इतिहास

लिंक रे या अमेरिकन गिटारवादकाने १९५८ च्या ‘रंबल’साठी आपल्या अॅम्प्लिफायरच्या स्पीकरला भोके पाडली होती. १९६४ मध्ये द किंक्स या इंग्रज गटाच्या डेव्ह डेव्हिस यांनी ‘यू रिअली गॉट मी’साठी स्पीकरचा पडदा कापला. म्हणजे स्पीकर खरोखरच फाटलेला होता, आणि तो हेतुपुरस्सर फाडलेला होता.

फझचा जन्म मात्र एका निराळ्या बिघाडातून झाला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांचे ‘डोन्ट वरी’ हे गीत ध्वनिमुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिन वाजवीत असलेल्या सहा तारांच्या बास गिटारचा मार्ग मिश्रणफलकातील एका सदोष वाहिनीतून गेला. एरवी मऊ वाजणारा बास एकाएकी गुरगुरू लागला. तो भाग तसाच ठेवण्यात आला आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे गीत लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे हाच परिणाम ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने मुद्दाम घडवून आणणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले आणि त्याच सुमारास फझ अंगभूत असलेला एक बास गिटारही विक्रीस काढला. फझ हा गिटारचा अलंकार असून बासने तो पुढे उसना घेतला अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः क्रम उलटा आहे. हा नाद पहिल्यांदा गाजला तो बासच्या तारेवर.

माएस्ट्रोची जाहिरातही बोलकी होती. गिटारमधून पितळी वाद्यांचा किंवा चेलोचा आवाज काढता येतो, असा तिचा दावा होता. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’साठी कीथ रिचर्ड्स यांनी फझवर वाजवलेली सुप्रसिद्ध ओळही मुळात पितळी वाद्यांसाठी खूण म्हणून वाजवलेली होती; ती वाद्ये आलीच नाहीत आणि खूणच कायम झाली. दुसऱ्या वाद्याची नक्कल करू पाहणारे हे उपकरण नकलेत सपशेल अपयशी ठरले, आणि त्या अपयशातून एक नवीन नाद हाती आला. त्याच वर्षी बीटल्सच्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ या गीतात पॉल मॅकार्टनी यांनी एक साधा बास आणि त्याच्या जोडीला दुसरा फझ-बास वाजवला. या जोडीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

यानंतरचा उपकरणांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये टोन बेंडर, १९६६ मध्ये फझ फेस आणि १९६० चे दशक संपता संपता न्यूयॉर्कमध्ये बिग मफ अशी ही वंशावळ आहे. आरंभीच्या यंत्रांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, पुढे सिलिकॉनचे आले. जर्मेनियम तापमानाप्रमाणे बदलते. त्यामुळे सायंकाळी उत्तम वाजणारे यंत्र दिव्यांच्या उष्णतेत रुसून बसे. अशा लहरी वस्तूंविषयी वादकांना जो जिव्हाळा वाटतो तो आपल्याकडील तबलजींना सहज समजावा.

नादाची घडण

उपर्युक्त सहकाऱ्यांनीच पुढे उदार मनाने प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोप उपलब्ध करून दिला. एका विद्यार्थ्याचा गिटार आणि एक स्वस्तातील फझ-पेडल यांच्या साहाय्याने जे दिसले ते असे. तारेचा साधा तरंग गोलसर चढतो आणि उतरतो. फझ त्याला इतका मोठा करते की मंडलाच्या मर्यादेबाहेर गेलेले त्याचे शेंडे कापले जातात आणि तरंग जवळजवळ चौकोनी होतो. डोंगराचे पठार व्हावे तसे ते दृश्य असते. तरंगाचा आकार बदलला म्हणजे त्यातील उपस्वरांचे प्रमाण बदलले. दोन्ही बाजू सारख्या कापल्या गेल्यास विषम उपस्वर, म्हणजे तिसरा, पाचवा, सातवा इत्यादी, बळावतात. तिसरा उपस्वर हा पंचम होय आणि पाचवा शुद्ध गांधार होय. तंबोऱ्याच्या खर्जातून कान तयार झालेल्या श्रोत्याला जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्याच स्थानावरचा हा गांधार आहे.

येथे तंबोऱ्याची जवारी आठवणे अपरिहार्य आहे. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या एका कारागिराला जवारी काढताना पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. घोडीचा माथा कानसने किंचित घासावा, तार छेडून ऐकावी, पुन्हा घासावे, असे काम तासभर चालले होते. तार घोडीच्या वक्र पृष्ठभागाला पुनःपुन्हा स्पर्शत कंप पावते आणि तिची ऊर्जा वरच्या उपस्वरांत वाटली जाते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच वीणा व तंबोरा यांच्याविषयी असे दाखवून दिले की, तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे निस्पंद असलेले उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत, पण या वाद्यांत ते उमटतात. सूर ‘स्वच्छ’ असावा या अपेक्षेचा हा एक प्रकारे भंगच आहे. परंतु आपण त्याला दोष न मानता वाद्याचे तेज मानतो. ‘जवारीदार आवाज’ ही मराठी संगीतसमीक्षेतील प्रशंसा आहे. ज्या भाषेत हा शब्द आहे तिच्या वाचकाला फझमधील आनंद समजावून सांगणे तितकेसे अवघड पडू नये.

साम्य मात्र येथेच थांबते. जवारीचा नाद काळात उमलतो. प्रत्येक आघातानंतर उपस्वरांची रांग हळूहळू खाली सरकते आणि विरते. फझचा नाद याउलट अडून राहतो. शेंडे कापलेले असल्यामुळे तारेचा मूळ कंप क्षीण होत गेला तरी बाहेर पडणाऱ्या तरंगाची उंची बराच काळ तेवढीच राहते. छेडून वाजवायच्या वाद्याला जणू गज मिळतो. शिवाय तंबोरा ही गाण्याची भूमी आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये फझचा स्वर बहुधा स्वतः गातो.

एकेरी ओळीचे संगीत

फझचा आणखी एक गुणधर्म आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा कणा तोच आहे. फझमधून दोन स्वर एकत्र पाठवले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर निर्माण होतात. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण २:३ असल्याने त्यांच्यातील फरक १ येतो. तो खालचा षड्जच असल्यामुळे या जोडीला आधार मिळतो. परंतु षड्ज आणि कोमल गांधार (५:६) एकत्र वाजवल्यास फरकाचा स्वर षड्जाच्या घरातला राहत नाही. कोणी न मागितलेला कोमल धैवत खालून डोकावू लागतो. गिटारच्या समविभाजित सप्तकात ही प्रमाणे नेमकी नसल्यामुळे गढूळपणा आणखी वाढतो. तीन-चार स्वरांची स्वरसंहती म्हणजे मग निव्वळ चिखल होतो.

फझ वापरणाऱ्या वादकापुढे त्यामुळे फारसे पर्याय उरत नाहीत. षड्ज-पंचमाच्या जोडीवर भागवावे हा एक मार्ग. पुढे हेवी मेटलने त्याचा राजमार्ग केला. दुसरा मार्ग म्हणजे स्वरसंहती सोडून एकेरी ओळ वाजवावी. प्रोग्रेसिव्ह रॉकने प्राधान्याने हा मार्ग धरला. या संगीतातील एकत्र धावणाऱ्या ओळी, परस्परांना छेद देणाऱ्या ओळी आणि तीन वाद्यांतून वाहणारे तीन स्वतंत्र प्रवाह यांचे श्रेय नेहमी अभिजात शिक्षणाला किंवा बाखच्या प्रभावाला दिले जाते. त्यात तथ्य आहेच. पण नादाच्या जातीनेच स्वरसंहतीचे दार बंद केले होते, हे कारण कोणी सहसा सांगत नाही.

किंग क्रिमसनच्या १९६९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ हे याचे ठळक उदाहरण होय. गिटार, बास आणि सॅक्सोफोन येथे एकच ओळ वाजवतात. सॅक्सोफोन फझमधून जात नाही, तरीही तीन वाद्यांतील सीमा पुसट होतात. गिटार पितळी वाटू लागतो आणि सॅक्सोफोन विजेवर चालतोय असे भासते. ग्रेग लेक यांचा कंठस्वरही फाटलेला आहे. मध्यभागी सर्व वाद्ये एकदम थांबतात, पुन्हा एकदम झेपावतात. त्या वेगवान एकत्रित तानांमध्ये जी शिस्त आहे तिचे कौतुक सर्वांनीच केले आहे. प्रस्तुत लेखकाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो या शिस्तीचा आणि खरखरीत पोताचा विरोध. तेच स्वर स्वच्छ गिटारवर वाजवले असते तर ते सरावाच्या पाठासारखे भासले असते.

फझ म्हणजे आक्रमकता, हे समीकरणही तपासून पाहावयास हवे. रॉबर्ट वॉल्सर यांनी हेवी मेटलवरील आपल्या १९९३ च्या ग्रंथात विकृत नादाचा अर्थ प्रामुख्याने सामर्थ्याशी जोडला आहे. एडवर्ड मॅकन यांनी १९९७ च्या ‘रॉकिंग द क्लासिक्स’मध्ये प्रोग्रेसिव्ह रॉकमधील ध्वनिक व विद्युत भागांच्या आलटून-पालटून येण्याकडे स्त्रैण-पौरुष अशा जोडीतून पाहिले आहे. मॅकन यांचा ग्रंथ या क्षेत्रातील पायाभूत अभ्यास आहे. पण ही जोडी अनेक ठिकाणी लागू पडत नाही. जेनेसिसच्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ (१९७३) या रचनेतील एक संथ चाल प्रथम पीटर गॅब्रिएल यांच्या बासरीवर येते. पुढे तीच चाल स्टीव्ह हॅकेट यांच्या गिटारवर, फझच्या आधाराने, लांबवलेल्या स्वरांत परतते. बासरीला श्वास घ्यावा लागतो, म्हणून तिथे चाल लहान लहान वाक्यांत तुटते. गिटारचा स्वर अडून राहतो, म्हणून तीच चाल अखंड होते. हॅकेट यांचा स्वर शक्तिप्रदर्शन करीत नाही. तो शोकगंभीर आहे, आणि त्याचा खरखरीतपणा दाटलेल्या गळ्याचा आहे. यात पुरुषी काय आणि स्त्रैण काय, हे ठरवण्याचा आग्रह धरला तर चाल हातची निसटते.

गिटारविना फझ

या नादाचा सर्वांत विलक्षण वापर मात्र अशा ठिकाणी झाला, जिथे गिटारवादकच नव्हता. कँटरबरी परिसरातील तरुणांतून पुढे आलेल्या सॉफ्ट मशीन या गटात १९६९ मध्ये तिघेच होते : ऑर्गनवर माइक रॅटलेज, ड्रम्स व गायनासाठी रॉबर्ट वायट आणि बासवर ह्यू हॉपर. ‘व्हॉल्यूम टू’ या त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेत ऑर्गन आणि बास दोन्ही फझमधून जातात. गिटारची रिकामी जागा कोणी एकाने भरली असे म्हणता येत नाही. ती दोघांनी वाटून घेतली आहे. कित्येकदा चार-सहा आवर्तने ऐकल्यावरही आपण ऐकतो आहोत तो ऑर्गनचा मंद्र स्वर की बासचा तार स्वर, हे कळत नाही. हा संभ्रम दोष नसून याच संगीताचा रस आहे, हे मान्य केल्याशिवाय सॉफ्ट मशीनचा आस्वाद घेता येत नाही.

रॅटलेज यांच्या वादनाविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. फझ लावलेला त्यांचा लोरी ऑर्गन मोठ्या आवाजात इतका संवेदनशील होई की पट्ट्यांवरून बोटे उचलताच अॅम्प्लिफायर स्वतःच किंचाळू लागे. शांतता हवी असेल तर वाजवत राहणे भाग होते. त्यांच्या एकल वादनातील न तुटणाऱ्या, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणाऱ्या लांब ओळी या अडचणीतून घडल्या. सनईवादक श्वास न तोडता स्वर चालू ठेवतो, ती सिद्धी असते. येथे ती सक्ती होती. परंतु सक्तीची शैली कशी होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण प्रस्तुत लेखकाला दुसरे आठवत नाही. कलावंताने साधन निवडले आणि मग आशय व्यक्त केला, असा सोपा क्रम येथे उपयोगाचा नाही.

१९७० च्या ‘थर्ड’ या दुहेरी ध्वनिमुद्रिकेत चारच रचना आहेत आणि प्रत्येकीला एक संपूर्ण बाजू मिळाली आहे. त्यातील ‘फेसलिफ्ट’ ही हॉपर यांची रचना जानेवारी १९७० मधील प्रत्यक्ष मैफलींच्या मुद्रणातून जोडलेली आहे. आरंभी काही मिनिटे ठेका नाही. ऑर्गन हुंकारतो, घोगरतो, मधूनच करवतीसारखा किरकिरतो. त्या धुक्यातून पुढे बास आणि फुंकवाद्ये यांची जड चाल वर येते. हॉपर यांचा बास येथे ठेका धरणारा सेवक राहत नाही. तो चालीचा मालक आहे. एक आक्षेप मात्र नोंदवावयास हवा. मुद्रणाचा दर्जा सामान्य असल्याने फझ-बास आणि फझ-ऑर्गन एकमेकांत इतके मिसळतात की रचनेतील काही सूक्ष्म जागा हरवतात. हा गढूळपणा हेतुपुरस्सर आहे असे समर्थन काही चाहते करतात. ते पटत नाही. संभ्रम आणि अस्पष्टता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘व्हॉल्यूम टू’मध्ये पहिली आहे, ‘थर्ड’च्या काही भागांत दुसरी.

त्याच परिसरातील कॅरव्हॅनचा स्वभाव सौम्य. त्यांच्या ‘नाइन फीट अंडरग्राउंड’ (१९७१) या २२ मिनिटांहून दीर्घ रचनेत डेव्ह सिंक्लेअर यांचा ऑर्गनही फझमधून जातो, पण तो रॅटलेज यांच्यासारखा ओरबाडत नाही. हा फझ उन्हात वाळलेल्या खरबरीत कापडासारखा, ऊबदार आहे. एकाच जातीचे उपकरण, एकाच प्रकारचे वाद्य, एकाच भागातील वादक आणि तरीही दोन वेगळे स्वभाव! पेडल सर्व काही ठरवते असे मानणाऱ्या हौशी संग्राहकांनी हे दोन ऑर्गन लागोपाठ ऐकावेत.

बासचा दुहेरी धर्म

बासवर फझ लावण्यात एक मूलभूत अडचण आहे. वरचे उपस्वर बळावले की तुलनेने खर्ज पातळ होतो. बासने तर खर्ज सांभाळावा अशी अपेक्षा असते. गाऊ पाहणाऱ्या बासने आधार कसा द्यावा, हा या काळातील बासवादकांपुढचा खराखुरा प्रश्न होता.

मॅकार्टनी यांनी दोन बास वाजवून तो सोडवला होता. येसच्या ख्रिस स्क्वायर यांनी एकाच वाद्यात दोन बास बसवले. त्यांच्या रिकनबॅकर बासची रचना अशी होती की त्याच्या दोन पिकअपचे संकेत वेगवेगळ्या मार्गांनी बाहेर काढता येत. त्यांनी खालचा भाग स्वच्छ ठेवला आणि वरचा भाग गिटारसारखा तापवून खरखरीत केला. त्यांच्या संचात माएस्ट्रोचेच ‘ब्रासमास्टर’ हे बाससाठीचे फझही होते. पितळी वाद्यांचे जुने स्वप्न त्या नावातही शिल्लक होते. ‘हार्ट ऑफ द सनराइज’ (१९७१) या रचनेच्या आरंभी बास आणि ड्रम्स बराच काळ जवळपास एकटेच एक आकृती फिरवत राहतात. तिथे हा दुहेरी धर्म उघड्यावर येतो : कडा धारदार, तळ भरीव. मराठी वाचकाला पखवाजाच्या दोन तोंडांची आठवण व्हावी, इतकी ती कामाची वाटणी स्पष्ट आहे.

यानिक टॉप यांनी तडजोड नाकारली. फ्रान्समधील माग्मा या गटाचे हे बासवादक मुळात चेलो शिकलेले, आणि बासच्या तारा ते चेलोप्रमाणे पंचमांच्या अंतराने लावत. सर्वांत खालची तार त्यामुळे नेहमीच्या बासहूनही खाली जाते. ‘दे फुतुरा’ (१९७६) ही त्यांची सुमारे १८ मिनिटांची रचना जवळजवळ संपूर्णपणे बासच्या गुरगुरीवर चालते. येथे फझमुळे खर्ज हरवत नाही. उलट इतक्या खालच्या स्वराला फझनेच ऐकू येण्याजोगा आकार दिला आहे. ही रचना सर्वांना रुचेल असे नाही. पहिल्या श्रवणात प्रस्तुत लेखकाने ती अर्ध्यावर सोडली होती.

किंग क्रिमसनच्या ‘स्टारलेस’ (१९७४) मध्ये हे सर्व धागे एकत्र येतात. मेलोट्रॉनच्या पार्श्वभूमीवर गिटारची एक करुण चाल, मग गीत, आणि गीत संपल्यावर जॉन वेटन यांच्या बासवर १३ मात्रांची एक आकृती सुरू होते. तिच्यावर रॉबर्ट फ्रिप एकच स्वर दोन शेजारच्या तारांवर आलटून-पालटून वाजवतात. तो स्वर कित्येक मिनिटे तसाच आहे. मध्येच किंचित वर सरकतो आणि पुन्हा तिथेच अडून बसतो. कागदावर हा भाग लिहिला तर जवळजवळ रिकामा दिसेल. बदलतो तो पोत. गिटार हळूहळू खरखरीत होत जातो, बास दाटत जातो, बिल ब्रुफर्ड यांचे आघात जवळ येत जातात. विलंबित ख्यालात एका स्वरावर ठाण मांडून गायक त्याचा लगाव बदलत राहतो, तेव्हा आपण ‘काही घडत नाही’ असे म्हणत नाही. पुढे लय दुप्पट होते, सॅक्सोफोन तुटून पडतो, आणि शेवटी आरंभीची करुण चाल परतते. रचनेचे विश्लेषण करणारे समीक्षक या परतण्याला सममितीचा नमुना मानतात. परंतु परतलेली चाल तीच असली तरी तिच्याखालचा बास आता तो राहिलेला नाही, आणि कान हा फरक आधी टिपतो.

जाता जाता एक निरीक्षण. आजचे विद्यार्थी हे संगीत बहुधा मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर ऐकतात, म्हणून त्यांना ते खऱ्या अर्थाने ऐकूच येत नसणार असे प्रस्तुत लेखकाला वाटत असे. त्या स्पीकरमधून साधा बास खरोखरच नाहीसा होतो; इतके खालचे कंप तो निर्माण करूच शकत नाही. फझ-बास मात्र टिकतो. त्याचे वरचे उपस्वर त्या स्पीकरच्या आवाक्यातले असतात, आणि उपस्वरांची रांग मिळाली की न वाजलेला मूळ स्वर कान आपणहून जोडून घेतो. गेल्या वर्षी वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर एका विद्यार्थिनीच्या फोनमधून ‘फेसलिफ्ट’मधील हॉपर यांची ती जड चाल स्पष्ट ऐकू आली. तिच्या शेजारी बसलेला मुलगा विचारीत होता, “स्पीकर गेलाय का गं तुझा?”